गोळी रोज घेते, तरी टीएसएच उतरत का नाही?

प्रश्न : माझं वय ४१, वजन ६८ किलो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, घरीच शिवणकाम करते. गेलं वर्षभर अंग जड वाटतं. भर मे महिन्यात घरातले पंखा लावायचे आणि मी उठून बंद करायचे. पोट साफ होत नाही, केस गळतात, पाळीत अंगावरून जास्त जातं, आवाज घोगरा झालाय. वजन वर्षात ९ किलो वाढलं. रात्री हातांना मुंग्या येऊन जाग येते, दिवसा सुई हातातून निसटते. तीन महिन्यांपूर्वी टीएसएच १८.६, फ्री टी४ ०.६ आणि अँटी-टीपीओ खूप जास्त आलं. डॉक्टरांनी थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. आता टीएसएच ११.४ आहे. डॉक्टर १०० ची करू म्हणतात. मी साडेपाचला उठून पित्ताची आणि थायरॉईडची गोळी एकदमच घेते, मग चहा. मिस्टर गंगावेशीतून धारोष्ण दूध आणतात, ते पेलाभर. नाष्ट्याबरोबर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी. केसांसाठी पार्लरमधून दिलेलं बायोटिनही चालू आहे. शेजारच्या काकू म्हणतात, गोळी वाढवू नको, एकदा लागली की सुटत नाही. कोबी-फ्लॉवर बंद कर, सैंधव खा. नक्की काय करू? मुलगी १६ वर्षांची आहे. धाकटी बहीण इचलकरंजीला असते, तिला आता मूल हवंय. त्यांचीही तपासणी करायची का?

उत्तर : ताई, १०० ची गोळी घ्यायची की नाही हे नंतर ठरवू. आधी बघायचं ते हे, की सध्याच्या ५० मधलं रक्तापर्यंत पोचतं किती. तुमच्या सकाळच्या पहिल्या तीन तासांत गोळीची वाट अडवणाऱ्या पाच गोष्टी आहेत : पित्ताची गोळी, चहा, दूध, लोह आणि कॅल्शियम. एवढ्या गर्दीतूनही टीएसएच १८ वरून ११ वर आलं, म्हणजे गोळीने आपल्या परीने काम केलंय.

निदानाबद्दल शंका ठेवू नका. लोक "माझा थायरॉईड वाढलाय" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा वाढलेलं असतं ते टीएसएच, आणि थायरॉईड ग्रंथी प्रत्यक्षात मंदावलेली असते. टीएसएच हे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. ऊसतोडीच्या फडात टोळीचा हात मंदावला की मुकादमाचा आवाज चढतो, तसलाच हा प्रकार. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी तिचं हार्मोन, म्हणजे टी४, कमी बनवू लागली की पिट्युटरी ओरडायला लागते. बहुतेक लॅबमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४ किंवा ५ पर्यंत ठीक मानतात. तुमचं १८.६ होतं आणि सोबत फ्री टी४ सुद्धा कमी, म्हणजे मुकादमाचा आवाज चढलेला आणि फडात ऊसही पडलेला नाही. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, जास्त असल्याने कारणही कळतं. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटली आहे. जपानच्या हाकारू हाशिमोटो या डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोटो थायरॉइडायटिस म्हणतात. अँटी-टीपीओ पुन्हा पुन्हा करत बसू नका. त्याचा आकडा वर-खाली झाला तरी गोळीचा डोस त्यावर ठरत नाही.

ज्यांचं निदान अजून झालेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. थकवा, केस, वजन ही लक्षणं रक्त कमी असलं, झोप अपुरी असली, तरीही येतात. त्यामुळे एकेका लक्षणावरून ठरवू नये. थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, कोरडी खरखरीत कातडी, घोगरा आवाज, सकाळी सुजलेल्या पापण्या आणि मंद नाडी यातली तीन-चार एकत्र आली की तपासणी करावीच. या आजारात पायावर येणाऱ्या सुजेचीही एक खूण आहे : नडगीवर अंगठा दाबून धरला तरी सहसा खळगा राहत नाही. खळगा राहत असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्याकडे आधी बघायला हवं. जुने डॉक्टर रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकून बसवतात आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारतात. पाऊल झटकन हलतं, पण जागेवर परत येताना रेंगाळतं, पाण्यात बुडालेलं असावं तसं. तेवढ्यावरूनही त्यांना बराच अंदाज येतो. नेहमीच्या तपासणीत कोलेस्टेरॉल अचानक वाढलेलं दिसलं, तर कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच बघितलेलं बरं. थायरॉईड सुधारला की ते बऱ्याचदा आपोआप उतरतं.

आणि एक अपवाद, क्वचित दिसणारा पण महागात पडणारा. बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव झाला, त्यानंतर दूध आलं नाही, पाळीही परत आली नाही, आणि काही वर्षांनी अशी सुस्ती आली, तर केवळ टीएसएच पाहून "नॉर्मल आहे" म्हणू नये. तिथे पिट्युटरीच दुखावलेली असू शकते, म्हणजे मुकादमच आजारी. अशा वेळी फ्री टी४ आणि कॉर्टिसोल (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं हार्मोन) दोन्ही बघावे लागतात. कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉईडची गोळी सुरू केली तर रुग्णाची तब्येत एकदम ढासळू शकते.

आता तुमच्या सकाळकडे वळू. गोळीत लेव्होथायरॉक्सिन म्हणजे टी४ असतं, आणि ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. इतक्या सूक्ष्म मात्रेच्या औषधाला दुधाच्या एका पेल्यानेही फरक पडतो. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घेतली तर तिच्यातलं साधारण ७० ते ८० टक्के औषध शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियम टी४ला पोटातच चिकटून बसतात आणि त्याचा बराचसा भाग शोषला न जाता निघून जातो. दुधातही कॅल्शियम असतंच. धारोष्ण असलं म्हणून गोळी त्याला वेगळा नियम लावत नाही. चहा-कॉफीनेही शोषण घटतं, मग तो गुळाचा असो की साखरेचा. पित्ताची गोळी जठरातलं आम्ल कमी करते, आणि ही गोळी नीट विरघळायला तेच आम्ल लागतं.

म्हणून घड्याळ असं लावा. साडेपाचला उठल्यावर थायरॉईडची गोळी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग आंघोळ, देवपूजा, मशीन पुसणं, काय असेल ते. चहा साडेसहाच्या आधी नको. अर्धा तास ही कमीत कमी मर्यादा, एक तास उत्तम. दूध सकाळचं काढून संध्याकाळी करा, गंगावेशीतला दुधाचा कट्टा संध्याकाळीही असतोच. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणासोबत, लोहाची संध्याकाळी पाच-सहाला लिंबूपाण्याबरोबर. थायरॉईडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात किमान चार तास हवेत, आणि लोह-कॅल्शियमही एकमेकांसोबत घेऊ नयेत. लोहाच्या आधीनंतर तासभर चहा नको. पित्ताची गोळी किती दिवसांपासून चालू आहे, हे पत्रात नाही. अनेक घरांत ती दोन आठवड्यांसाठी दिलेली असते आणि दोन वर्षं चालते. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा. लागत असेल तर चालू ठेवा, डोस तिच्यासकट जुळवता येतो. मनाने सुरू आणि मनाने बंद असं मात्र करू नका, टीएसएच त्यासोबत हलत राहील.

सकाळी घाईच होत असेल तर दुसरी वाट आहे. रात्रीचं जेवण आठला आटपत असेल तर गोळी अकराला झोपताना घ्या. शेवटच्या घासानंतर तीन तास गेलेले हवेत, आणि मधे दूध-फळ काही नको. दोन्हीपैकी कुठलीही एक वेळ धरा आणि तीच पाळा. उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच. पाण्याने उपवास मोडत नाही.

बाटली कुठे ठेवता? गॅसच्या वरच्या फळीवर असेल तर आजच हलवा. ही गोळी उष्णता, उजेड आणि दमट हवा यांनी उतरते, आणि आषाढातल्या कोल्हापूरच्या हवेत तर मीठसुद्धा ओलं होतं. मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून, बेडरूमच्या कपाटात ठेवा. शंभर गोळ्या एकदम डब्यात काढू नका, बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका, ओल्या हाताने गोळी काढू नका. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स यांपैकी कोणतीही चालेल, पण एकच धरून ठेवा. दुकानदाराने "सेमच आहे" म्हणून दुसरी दिली तर तारीख लिहून ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा.

आता १०० च्या गोळीबद्दल. ग्रंथी जवळजवळ बंद पडलेली असेल तर पूर्ण डोस दर किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ६८ किलोला तो १०० ते ११० च्या आसपास येतो. म्हणजे डॉक्टर काही चुकीचं सांगत नाहीत, ५० हा सुरुवातीचाच डोस होता. पण डोस दुप्पट आणि वेळापत्रक दुरुस्त हे दोन्ही एकाच आठवड्यात झालं तर आकडा कशाने हलला ते कळणार नाही. उद्या रक्त भरून आलं, लोह थांबलं, तर तीच १०० ची गोळी जास्त भरू लागेल. मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. आणि टीएसएच वर्षानुवर्षं दबलेलं राहिलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. तुमच्या डॉक्टरांना ही पाच गोष्टींची यादी दाखवा. बहुधा ते म्हणतील, आधी वेळ सुधारा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा. किंवा आता १२.५ ते २५ ने वाढवतील. दोन्ही वाटा योग्य आहेत. त्यांनी ही यादी पाहूनही १०० च सुरू करा म्हटलं तर तीही चूक नाही, फक्त पुढची तपासणी चुकवू नका. साठीच्या पुढचे किंवा हृदयविकार असलेले यांना मात्र १२.५ किंवा २५ पासून हळूहळूच चढवतात.

सहा आठवडे कशाला, असं वाटेल. टी४ रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नव्या डोसची पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात आणि पिट्युटरीला ते पटायला आणखी थोडे. तीन आठवड्यांनी केलेला टीएसएच अर्धवट शिजलेला भात आहे. याच कारणाने एखादा दिवस गोळी राहिली तर आकाश कोसळत नाही. त्याच दिवशी आठवेल तेव्हा, पोट रिकामं असताना घ्या. आणि याच कारणाने काहीजण फसतातही. गोळी बंद करून पंधरा दिवस काहीच होत नाही, म्हणून वाटतं, गरजच नव्हती. दोन महिन्यांनी अंग पुन्हा सुजतं.

काकूंचं "सुटत नाही" हे अर्धं खरं आहे. हाशिमोटोमध्ये टी४ इतकं कमी झालेलं असेल तर गोळी बहुतेकांना कायमची लागते. पण कारण उलटं आहे. गोळी सवय लावत नाही, ग्रंथी झिजलेली असते म्हणून गोळी लागते. शरीरात जे बनायचं तेच आपण बाहेरून देतो. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून पहिल्यांदा अशा एका बाईला बरं केलं, आणि ती त्यानंतर २८ वर्षं जगली. पुढच्याच वर्षी ती ग्रंथी तव्यावर हलकी परतून खायलाही दिली गेली. कोल्हापूरकरांना यात नवल वाटणार नाही, पण मटणातून नेमका डोस मिळत नाही, म्हणून कुणी रश्श्यावर भरवसा ठेवू नये. गोळी खरोखर सुटू शकते असेही काही असतात : बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईड बिघडलेल्या बायका, विषाणूमुळे ग्रंथी सुजलेले रुग्ण, लिथियम किंवा अमिओडॅरोन या औषधांमुळे बिघाड झालेले काहीजण, आणि ज्यांचं टीएसएच ५ ते १० मध्ये व टी४ व्यवस्थित होतं असे. या शेवटच्यांनी तर गोळी सुरू करण्याआधीच दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करून बघावं, ते बऱ्याचदा आपोआप खाली येतं. टीएसएच १० च्या वर टिकून असेल तर मात्र उपचार करतात.

कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा. कच्च्या कोबीचा रस रोज तांब्याभर पीत असाल तरच विचार करायचा. सैंधवाबाबत काकूंचं ऐकू नका. त्यात आयोडीन नगण्य असतं. आपल्याकडे घराघरात आयोडीनयुक्त मीठ पोचलं आणि गलगंड मागे हटला. ग्राहकाच्या हातातल्या मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. उपवासाला सैंधव ठीक, रोजच्या आमटीत नको. दुसऱ्या टोकाला जाऊन आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्याही घेऊ नका. हाशिमोटोमध्ये जादा आयोडीन ग्रंथीला आणखी मंदावतं.

वजनाचं स्पष्ट सांगायला हवं. थायरॉईडने वाढणारं वजन साधारण दोन ते चार किलो, आणि त्यातलं बरंचसं साठलेलं पाणी व मीठ. टीएसएच जागेवर आल्यावर तेवढं उतरेल. बाकीचे पाच-सहा किलो दिवसभर मशीनवर बसण्याचे आहेत, त्यांना रंकाळा तलावाभोवती चालत फेरीच लागेल. वजन उतरत नाही म्हणून गोळी वाढवून मागू नका, दुकानातून परस्पर तर नाहीच.

हातांच्या मुंग्यांकडे लक्ष द्या, कारण तुमचं पोट हातांवरच आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतात आणि करंगळी शाबूत राहते, असं असेल तर मनगटातल्या बोगद्यात नस दाबली जातेय. मंद थायरॉईडमुळे तिथला भाग सुजतो. बहुतेकांना टीएसएच सुधारल्यावर काही महिन्यांत आराम पडतो. तोवर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा आणि कात्रीचं काम सलग तासभर करू नका. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होताना दिसला तर वाट न पाहता दाखवा.

पाळीतला रक्तस्राव थायरॉईडमुळे वाढतो, आणि त्यातून लोह घटतं. लोह कमी पडलं की ग्रंथीलाही हार्मोन बनवायला जड जातं. त्यामुळे लोहाची गोळी वेळ बदलून चालूच ठेवा. पण टीएसएच जागेवर येऊन तीन महिने झाले तरी पाळी तशीच असेल तर सोनोग्राफी करून घ्या. सगळ्याच गोष्टी थायरॉईडच्या खात्यावर मांडल्या की गर्भाशयातली गाठ तशीच राहून जाते.

मुलीची उंची वयाप्रमाणे वाढली असेल, पाळी नियमित असेल, गळा फुगलेला नसेल तर घाई नाही. एकदा टीएसएच केलं तरी पुरे. आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळायला सांगा. गळ्याच्या खालच्या भागात घोटासोबत वर-खाली होणारा फुगवटा दिसला तर दाखवा.

बहिणीचं मात्र पुढे ढकलू नका. हा आजार घराण्यात फिरतो, आणि पहिले तीन महिने पोटातलं बाळ आईच्याच थायरॉईड हार्मोनवर वाढतं. दिवस राहण्याआधीच तिने टीएसएच करावं. तिला गोळी लागली तर दिवस राहण्याआधी टीएसएच २.५ च्या खाली आणतात. गोळी चालू असताना चाचणी पॉझिटिव्ह आली, की त्याच आठवड्यापासून डोस साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढवतात, म्हणजे आठवड्याला सातच्या जागी नऊ गोळ्या, आणि अर्धी गर्भावस्था होईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. डॉक्टरांशी हे आधीच बोलून ठेवावं, म्हणजे पहिल्या भेटीची वाट पाहण्यात महिना जात नाही. गरोदरपणात लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्यांनाही चार तासांचा तोच नियम.

काही गोष्टींसाठी मात्र फोनवर सल्ला घेत बसू नका. अंग गार पडून गुंगी येणं, नाडी ५० च्या खाली, श्वास मंदावणं, छातीत दुखणं, किंवा उलटीमुळे दोन-चार दिवस काहीच पोटात न राहणं, असं झालं तर थेट दवाखाना गाठा, नाहीतर सीपीआर हे सरकारी रुग्णालय. सोबत कुणीतरी आणि गोळीची बाटली असू द्या.

राहिलं बायोटिन. केसांना त्याने फारसं काही मिळत नाही. केस सुधारतील ते टीएसएच जागेवर आल्यावर, तीन ते सहा महिन्यांत. पण लॅबच्या काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. म्हणजे तुमचं ११.४ खरं तर त्याहून जास्तही असू शकेल. ते आजच बंद करा. चालू ठेवायचंच असेल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस घेऊ नका, आणि डोस मोठा असेल तर किती दिवस आधी थांबायचं ते लॅबला विचारा. पुढची तपासणी आजपासून सात आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, सकाळी आठच्या सुमारास. फ्री टी४ आणि टीएसएच दोन्ही सांगा. उपाशी राहण्याची सक्ती नाही, पण त्या दिवशीची गोळी पर्समध्ये ठेवा आणि रक्त देऊन झाल्यावर घ्या. चहा त्यानंतर तासाभराने.